ओठांत जन्मणारा स्वर

पितळी वाद्यात नुसती फुंकर घातली तर हवेचा सुस्कारा तेवढा ऐकू येतो. स्वर जन्म घेतो तो वादकाच्या ओठांत, आणि वरातीपुढे ट्रम्पेटची ललकारी ऐकत आलेल्या पुष्कळांना याची कल्पनाही नसते. एका बँडपथकाच्या तालमीच्या खोलीत मी हा जन्म जवळून पाहिला. मास्तरांनी नवशिक्या मुलाच्या हातून वाद्य काढून घेतले आणि फर्मावले, “गाल फुगवू नकोस. ओठांचे कोपरे घट्ट धर, मधला भाग सैल सोड, आणि नुसते ओठ वाजव.” मुलाच्या तोंडून भुर्र असा ओबडधोबड आवाज निघाला; तोच त्याने प्रथम सुट्या माउथपीसमध्ये आणि मग ट्रम्पेटमध्ये काढला, तेव्हा खोली दणाणून गेली.

मिटलेल्या ओठांमागे श्वासाचा दाब साचतो, ओठ किंचित विलग होऊन हवेचा झोत सुटतो आणि स्नायूंच्या ताणामुळे ते पुन्हा मिटतात. नळीच्या पसरट तोंडापर्यंत गेलेली लहर अंशतः परत फिरते, आणि तिचे परतणे ओठांच्या कंपनाशी जुळले म्हणजेच स्वर स्थिरावतो. म्हणून कळा न दाबता वाटेल तो स्वर काढण्याची मुभा वादकाला नसते. सुमारे दीड मीटर नळीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटवर अशा मोजक्या स्वरांपैकी एकासाठी ओठ सेकंदाला सुमारे २३३ वेळा, तर त्याच्याच वरच्या सप्तकातील जोडीदारासाठी ४६६ वेळा उघडमीट करतात. आपल्या तुतारीला तर कळाच नाहीत. तिचा सारा कारभार ओठांच्या हुकमतीवर चालतो.

ही हालचाल नुसत्या डोळ्यांना टिपता येत नाही. डॅनियल मार्टिन या संशोधकाने कॉर्नेटच्या पारदर्शक माउथपीसमधून, लुकलुकत्या प्रकाशाच्या साहाय्याने तिचे निरीक्षण करून १९४२ साली ते प्रसिद्ध केले. वरचा ओठ खालच्याहून अधिक हलतो, असे त्यात दिसून आले.

तालीम आटोपून मास्तरांनी माउथपीस बाजूला केले, तेव्हा त्यांच्या ओठांवर उमटलेले तांबूस कडे बराच वेळ मावळले नाही. अतिश्रमाने ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या विकाराला लुई आर्मस्ट्राँग या थोर ट्रम्पेटवादकाच्या ‘सॅचमो’ या टोपणनावाने ओळखतात, यावरून या श्रमाची जात कळावी. लग्नसराईत बिदागी ठरवताना तासांचा हिशेब चोख होतो, ओठांचा मात्र कोणी करीत नाही. आपल्या घरच्या वरातीत काही गाण्यांनंतर ट्रम्पेटवाल्याला थांबू द्यावे, पाणी विचारावे, आणि त्याने वाद्य खाली घेतले असता ‘आणखी एक’ असा आग्रह धरू नये, एवढी वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे.