लाट जिथे फुटत नाही

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कोकणात उतरतं, कुंडलिकेला मिळतं आणि रेवदंड्यापाशी समुद्रात जातं. शनिवार उजाडला की पौड, ताम्हिणी, माणगाव करत आपल्या गाड्याही तिकडेच निघतात. कोणाला काशीद गाठायचं असतं, कोणाला दिवेआगर, आणि हल्ली एखाद्या टपावर सर्फिंगची फळीही बांधलेली दिसते. निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की हवी. धरणात पोहायला शिकलेल्याला उभं पाणी ठाऊक असतं. समुद्राचं पाणी चालतं.

दूर समुद्रात वाऱ्याने उठलेली लाट खोल पाण्यातून बिनबोभाट येते. किनाऱ्याजवळ तळ वर येऊ लागला की तिचा पाय अडतो, माथा पुढे जातो आणि ती कोसळते. ढोबळ हिशेबाने मीटरभर उंचीची लाट सव्वा मीटर पाण्यात फुटते. म्हणून फेस हा खोलीचा खुणेचा दगड समजा. फेस दिसतो तिथे उथळ, सलग फेस नाही तिथे खोल.

वाळूच्या किनाऱ्यावर पाण्याखाली वाळूचे लांबट उंचवटे असतात. लाटा त्यांच्यावर फुटतात आणि पाणी आत किनाऱ्याकडे लोटतात. आत साठलेलं पाणी परतीची वाट शोधतं आणि दोन उंचवट्यांमधल्या खिंडीतून ओढ्यासारखं बाहेर धावतं. हाच रिप करंट. खिंड खोल, त्यामुळे तिथे लाट फारशी फुटत नाही. दोन्ही अंगांना पांढरा फेस आणि मधे काळसर, निवांत पट्टा दिसतो. नवखं कुटुंब लेकरांना घेऊन नेमकं त्या निवांत पट्ट्यात उतरतं, याचीच मला सर्वात जास्त भीती वाटते.

म्हणून आधी दहा मिनिटं कोरड्या वाळूवर, जरा उंचावर उभे राहा. फेसाचा एखादा पुंजका किंवा पाण्यात पडलेलं नारळाचं सोडण नजरेने धरून ठेवा. ते किनाऱ्याकडे न येता सरळ बाहेर चाललं असेल, तर ती जागा सोडा. जोरदार ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते. तिच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही हरतो.

भरती-ओहोटीचा हिशेब कोकणात तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, तेही दिवसातून दोनदा. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाणी उतरू लागलं की उंचवटे वर येतात, परतीचं पाणी खिंडीतच कोंबलं जातं आणि ओढ बळावते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा चढउतार मोठा असतो, तेव्हा दुप्पट सावध राहा. जून ते सप्टेंबर तर पाण्यात उतरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओढीत सापडलातच, तर किनाऱ्याकडे झुंजू नका. माणूस ओढीने खाली खेचला जात नाही, बाहेर नेला जातो. बुडतो तो दमून. पाठीवर तरंगा, हात वर करा, दम आला की किनाऱ्याला समांतर पोहा आणि फेस लागला की लाटांबरोबर आत या. फळीवर असाल तर फळी सोडू नका, तीच तुमची नाव. शिकाऊ माणसाने कमरेएवढ्या पाण्यात, आत येणाऱ्या पांढऱ्या फेसावरच सराव करावा. पडताना डोक्याने सूर मारू नये, पसरट पडावं आणि वर येताना हातांनी डोकं झाकावं. खालची वाळू दगडासारखी लागते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळही नव्हतं.

कोणी बुडताना दिसलं तर हातांची साखळी करून पाण्यात शिरू नका. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन माणसाला तरंगत धरतो. गाडीत एक ठेवा, तो फेका, ११२ लावा आणि किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना हाक मारा.