जुन्या व्हॅनचा हायड्रॉलिक क्लच : आधी निदान, मग दुरुस्ती

निवासी विद्यालयात धान्य आणण्यापासून आजारी विद्यार्थ्याला दवाखान्यात नेण्यापर्यंत सारी भिस्त बहुधा एखाद्या जुन्या व्हॅनवर असते. तिचा गिअर अडू लागला, की ‘क्लच प्लेट गेली’ असे चटकन ठरवले जाते आणि गिअरबॉक्स उतरवला जातो. वस्तुतः झिजलेल्या प्लेटचे मुख्य लक्षण निराळे आहे : चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. गिअर अडत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे व प्रथम द्रवाची यंत्रणा तपासावी.

पेडल मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ढकलते. तो दाब नळीतील द्रवावाटे स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो व तेथील दट्ट्या क्लच सोडवतो. पास्कलच्या नियमानुसार बंदिस्त द्रवातील दाब सर्वत्र सारखा पोहोचतो. मास्टरचा व्यास १६ व स्लेव्हचा १९ मिलिमीटर असेल, तर जोर सुमारे १.४ पट होतो. हवा मात्र आकुंचन पावते. म्हणून नळीत बुडबुडा शिरला की दट्ट्या पुरेसा सरकत नाही.

इंजिन बंद करून, चाकांना ओट लावून एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने स्लेव्हचा दांडा पाहावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

पेडल मऊ लागते व दोन-तीनदा दाबल्यावर सुधारते, तर आत हवा आहे. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते आणि बाहेर गळती नाही, तर मास्टरमधील रबरी कप झिजला आहे. पेडलमागे किंवा स्लेव्हच्या रबरी टोपीत ओल दिसली, तर गळती तेथेच आहे. दांडा पूर्ण सरकूनही गिअर अडला, तरच दोष आतील भागांत शोधावा.

हवा काढताना पेडल दाबलेले असतानाच निपल सैल करावे, ते बंद केल्यावरच पेडल सोडावे आणि टाकी रिकामी होऊ देऊ नये. टाकीच्या झाकणावर लिहिलेला द्रवच वापरावा. डॉट-३ वा डॉट-४ द्रवाच्या जागी इंजिन ऑइल घातल्यास रबर फुगते.

काही व्हॅनमध्ये क्लच व ब्रेक यांची टाकी एकच असते. अशा गाडीत पातळी उतरणे हा ब्रेकचाही प्रश्न असतो. गळतीचे कारण सापडेपर्यंत तिच्यात मुले बसवू नयेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो.