जाहिरातीत न लिहिलेल्या नऊ पायऱ्या

आमच्या प्रभादेवीत पूर्वी घर मिळायचे ते तोंडी. नाक्यावरचा वाणी नाहीतर गणेशोत्सव मंडळाचा एखादा कार्यकर्ता सांगायचा, ‘अमुक चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली निघतेय.’ त्याच दमात तो हेही सांगून टाकायचा, की पाणी पहाटे येते आणि शेजारीण भांडकुदळ आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या थंडावल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. घर सांगणाऱ्या माणसाची जागा घराबद्दल लिहिणाऱ्या एजंटाने घेतली. लिहिताना मात्र तो पाणी आणि शेजारीण, दोन्ही विसरला!

परवा शेजारचा मुलगा चार कागद घेऊन आला. नुकताच इस्टेट एजंट झाला आहे. म्हणाला, ‘काका, मराठी जरा तपासून द्या.’ शुद्धलेखन बरे होते, चुका निराळ्याच होत्या.

पहिली चूक पत्त्यात. घर प्रभादेवीचे, पण लिहिले होते वरळी. ज्या शहरात वडाळ्याला ‘न्यू कफ परेड’ म्हणण्यापर्यंत मजल गेली, तिथे याचे नवल ते काय? पण एल्फिन्स्टन रोड स्टेशनला २०१८ मध्ये प्रभादेवीचे नाव मिळाले, ते का आपणच लपवण्यासाठी?

दुसरी चूक क्षेत्रफळाची. कागदावर ६५० चौरस फूट; खोदून विचारले तेव्हा कार्पेट ४५० निघाले. उरलेल्या २०० फुटांत जिना, लिफ्ट, लॉबी. तेवढ्यात आमच्या चाळीतली अख्खी खोली मावते! २०१७ पासून लागू असलेल्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या करून दिली आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळायची. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक हवा, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. त्याच्या टॉवरच्या कागदावर दोन्ही नव्हते.

तिसरी चूक सर्वांत मोठी. सगळे गोडच लिहिलेले. ‘सिद्धिविनायकाच्या पायाशी’ हे खरे, पण मंगळवारी आणि अंगारकीला रस्त्याची काय अवस्था होते, ते नाही. ‘परळ दहा मिनिटांवर’ असेही होते. पण सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि गाड्यांना वळसा पडू लागला, त्याचा उल्लेख नाही.

‘काका, असले लिहिले तर गिऱ्हाईक येईल का?’ त्याने विचारले.

मग मी त्याला माझ्या आक्काची गोष्ट सांगितली. भावोजींचे डायलिसिस परळला, आठवड्यातून तीनदा. जवळ असावे म्हणून त्यांनी इकडे एक जागा भाड्याने घेतली. जाहिरातीत ‘लिफ्ट आहे’ असे लिहिले होते, आणि लिफ्ट होतीही. पण जुन्या इमारतीतली ती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर थांबायची. तिथून दारापर्यंत नऊ पायऱ्या. डायलिसिसहून परतलेला माणूस प्रत्येक पायरीवर टेकायचा आणि आक्का पाठीशी हात धरून उभी राहायची. तीन महिन्यांत त्यांनी घर सोडले. दलाली गेली, सामान हलवण्याचा खर्च दोनदा झाला. जाहिरातीत खोटे असे काहीच नव्हते. म्हणूनच भांडायला जागा नव्हती.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग कागद घेऊन गेला.

चार दिवसांनी नवे लिखाण आले. पत्ता प्रभादेवीच होता. कार्पेट ४५० होते. टॉवरच्या कागदावर महारेराचा क्रमांक आणि कोडही आला होता. एका जुन्या इमारतीच्या घराखाली वेगळी ओळ होती: ‘लिफ्ट मधल्या वळणावर थांबते. पुढे आठ पायऱ्या आहेत.’ त्याने स्वतः जाऊन मोजल्या होत्या.

त्या घरासाठी फोन कमी येतात, असे तो सांगतो. पण पायऱ्या पाहून दारातून परत गेलेले अजून तरी कोणी नाही.