विजेच्या मोटारीचीं चाकें: लहान बरीं कीं मोठीं?

मोटारीचें चाक जितकें मोठें तितकी मोटार चांगली, असा समज हल्लीं दृढ झालेला दिसतो. विक्रेतेही त्यास खतपाणी घालतात. गाडी तीच, परंतु एक-दोन इंच मोठ्या चाकांसाठीं किंमत अधिक. आणि गिऱ्हाईक ती आनंदानें देतें. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बाबतींत हा सौदा कितपत फायद्याचा आहे, हें आम्ही येथें हिशेबानें पाहणार आहों. हिशेब दहावीच्या विद्यार्थ्यास सहज करतां येण्याजोगा आहे. वाचकांनीं कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

प्रथम टायरवरील अक्षरें वाचावयास शिकूं. टेस्ला या अमेरिकन कंपनीच्या ‘मॉडेल ३’ गाडीच्या साध्या प्रकारास २३५/४५ आर १८ या मापाचा टायर असतो. २०२३ पर्यंतच्या ‘परफॉर्मन्स’ नामक वेगवान प्रकारास २३५/३५ आर २० या मापाचा असे. पहिला आंकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा किती, तें सांगतो. शेवटचा आंकडा ज्या धातूच्या रिमवर टायर बसतो तिच्या व्यासाचा, आणि तो मात्र इंचांत! (एकाच ओळींत दोन देशांचीं मापें कां नांदतात, याचा शोध जिज्ञासूंनीं अवश्य करावा.)

आतां पहिल्या टायरच्या बाजूची उंची २३५ च्या शेंकडा ४५, म्हणजे १०५.७५ मिलिमीटर. वरची व खालची मिळून २११.५. रिमचा व्यास १८ इंच, म्हणजे ४५७.२ मिलिमीटर. एकूण चाकाचा व्यास ६६८.७ मिलिमीटर झाला. दुसऱ्या टायरचा हिशेब असाच केल्यास १६४.५ अधिक ५०८, म्हणजे ६७२.५ येतात. दोहोंत फरक चार मिलिमीटरही नाहीं! तेव्हां ज्यास आपण मोठें चाक म्हणतों तें मुळीं मोठें नव्हेच. चाक तेवढेंच आहे. केवळ रबर व हवा यांची जागा धातूनें घेतली आहे.

हा बदल निष्फळ जात नाहीं. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव व मोटारीचा टायर यांत अंतर आहे तें हवेचेंच. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेचे टायर बसविले, ते हादरे चुकविण्यासाठीं. त्याच्याही पुष्कळ पूर्वीं, १८४५ सालीं, टॉमसन नामक स्कॉटिश गृहस्थानें अशा टायरचें पेटंट घेतलें होतें. ही हवेची गादी १०६ मिलिमीटरांवरून ८२ वर आणली कीं खड्ड्याचा आघात रिमपर्यंत लौकर पोहोंचतो. मग रिम वांकते, किंवा रिम आणि खड्ड्याची कड यांमध्यें चेंगरून टायर फुटतो. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस याहून अधिक सांगणें नको. शिवाय मोठी रिम बहुधा जड असते, व तिचें वजन आंसापासून दूर असल्यामुळें तें फिरविण्यास जोरही अधिक लागतो. मोठ्या उघड्या आऱ्यांनीं हवा घुसळली जाते, ती निराळीच.

या सर्वांचा परिणाम किती? टेस्लाच्या २०२१ सालच्या ‘मॉडेल एस प्लेड’ या गाडीचा पल्ला अमेरिकन सरकारी मोजणींत १९ इंची चाकांवर ३९६ मैल भरला, २१ इंचींवर ३४८. शेंकडा बारा पल्ला चाकांनीं गिळला. हा सर्व दोष रिमचाच असें मात्र समजूं नये. २१ इंची टायर रुंदही अधिक होते, आणि टायरचें रबर हा या विषयाचा खरा गाभा आहे.

रबर रस्त्यावर दबतें व पुन्हां फुगतें. दबतांना घेतलेली सर्व शक्ति तें परत देत नाहीं. कांहीं उष्णतेच्या रूपानें जाते. युरोपांत २०२१ पासून टायरवर जो नवा कागद चिकटवितात, त्यावर या व्ययाप्रमाणें ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत वर्ग दिलेले असतात. ‘ए’ वर्गाच्या टायरास दर टन वजनामागें फार तर ६.५ किलोग्रॅम ओढ लागते. ‘डी’ वर्गास ९.१ ते १०.५. गाडी व माणसें मिळून दोन टन धरूं. पहिलीस १३ किलोग्रॅम, दुसरीस सुमारें २०, फरक सातांचा. ही सात किलोग्रॅमची ओढ १०० किलोमीटर चालविली म्हणजे सुमारें १.९ युनिट वीज जास्त खर्च होते. (७ × ९.८ × १,००,००० ज्यूल. एका युनिटचे ३६ लक्ष ज्यूल.) शंभर किलोमीटरांस १५ युनिट खाणाऱ्या गाडीची बॅटरी ६० युनिटांची असेल, तर तिचा पल्ला ४०० वरून ३५५ किलोमीटरांवर येतो.

पेट्रोलच्या गाडींत हें कोणी मनावर घेत नाहीं, कारण एक लिटर पेट्रोलांत सुमारें नऊ युनिट शक्ति असते. म्हणजे ६० युनिटांची ती भली थोरली बॅटरी सात लिटरांचीही बरोबरी करीत नाहीं. विजेची मोटार एवढ्याशा शिदोरीवर एवढी मजल मारते ती काटकसरीमुळेंच.

तर मग सर्वांत कमी ओढीचा टायर घ्यावा काय? येथें आम्ही वाचकांस थांबवितों. जें रबर शक्ति सहज परत देतें तें रस्ता घट्ट धरीत नाहीं, ही जुनी अडचण आहे. १९९२ सालीं मिशेलिन कंपनीनें रबरांत सिलिका मिसळून ती बरीच हलकी केली. पण ती नाहींशी झाली नाहीं. ओल्या रस्त्यावर ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या दोन मोटारी घ्या. एकीच्या टायरचा घर्षणांक ०.८, दुसरीचा ०.६ धरा. एकाच क्षणीं ब्रेक दाबल्यास पहिली ३१.५ मीटरांत थांबते, दुसरी ४२ मीटरांत. याहून विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, जेथें पहिली स्थिर उभी राहिली त्या ठिकाणीं दुसरीचा वेग अजून ताशीं ४० किलोमीटर असतो. रस्ता ओलांडणारें मूल त्या ठिकाणीं असेल, तर या आंकड्याचा अर्थ काय होतो हें फोड करून सांगावयास नको.

म्हणून आमचें मत असें: रिम लहान घ्यावी, आणि वांचलेला पल्ला व पैसा चांगल्या पकडीच्या, म्हणजे बाजारांत ज्यांस परफॉर्मन्स टायर म्हणतात त्या टायरांवर खर्चावा. त्यांतही ओल्या रस्त्याच्या पकडीस ‘ए’ आणि ओढीस ‘बी’ किंवा ‘सी’ वर्ग असलेला टायर मिळाल्यास उत्तम. पकड रबरांत असते, रिमच्या इंचांत नाहीं. जगांतील अतिवेगवान अशा फॉर्म्युला वन शर्यतींच्या गाड्या २०२१ पर्यंत अवघ्या १३ इंची रिमवर धांवत होत्या! टायरची बाजू आखूड असली कीं गाडी वळतांना चटकन् वळते, हें खरें; परंतु शाळेंत मुलांस पोहोंचविणाऱ्यास त्या चपळाईचा उपयोग थोडा.

आपल्या इकडे चाकण येथें तयार होणारी महिंद्र कंपनीची ‘बीई ६’ ही गाडी १८, १९ व २० इंची अशा तिन्ही चाकांवर निघाली आहे. तेव्हां हा प्रश्न आतां परदेशचा राहिलेला नाहीं.

रिम बदलतांना मात्र कांहीं गोष्टी कारागिराकडून तपासून घ्याव्यात. वेगवान प्रकारच्या गाडीस ब्रेकच्या चकत्या मोठ्या असतात, व प्रत्येक १८ इंची रिम त्यांवर बसतेच असें नाहीं. ‘मॉडेल ३ परफॉर्मन्स’च्या मालकांस हा अनुभव आहे. टायरवरील भाराचा अंक गाडीस सांगितलेल्या अंकाहून कमी नसावा: ९२ म्हणजे एका टायरास ६३० किलोग्रॅम, ९८ म्हणजे ७५०. बॅटरीमुळें या गाड्या जड असल्यानें येथें हयगय करूं नये. उन्हाळी जातीचे परफॉर्मन्स टायर सात अंशांखालीं कठीण होतात. मुंबईकरांस ती चिंता नाहीं, काश्मीरांत आहे. हवा महिन्यास एकदां, टायर थंड असतां, भरावी. खांचांची खोली कायद्यानें १.६ मिलिमीटरांहून कमी चालत नाहीं, परंतु पाणी बाहेर टाकण्याची त्यांची शक्ति त्याच्या पुष्कळ आधींच ओसरते. सबब ती मृगापूर्वीं मोजून घ्यावी.