भूखंडाचे माप आणि नवी वेस

नवी वसाहत आखताना नकाशावर तीन गोष्टी आधी ठरतात : भूखंड केवढा, रस्ता कुठून कुठे, आणि पायी चालणाऱ्याला वाट आहे की नाही. हे अभियंत्याचे काम, त्यात समाजकारण कसले, असे आपल्यातले सुशिक्षितही मानतात. परंतु शेजारी कोण राहणार याचा निर्णय याच रेघांनी होत असतो. अमेरिकेचा इतिहास याची साक्ष देतो.

१९१० साली बाल्टिमोर शहराने गोऱ्यांची गल्ली कोणती आणि कृष्णवर्णीयांची कोणती हे कायद्यानेच ठरवून दिले. असे कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली लुइव्हिल शहराच्या खटल्यात अवैध ठरवले. मग काळ्या माणसाला घर विकू नये अशा अटी खरेदीखतांत मोठ्या प्रमाणावर घातल्या गेल्या. १९४८ मध्ये न्यायालयांनी त्या अटी अमलात आणण्यालाही मनाई झाली. पण एक हत्यार शिल्लक होते. जमिनीच्या वापराचे विभाग पाडण्याचा नगरांचा अधिकार १९२६ सालीच युक्लिड खटल्यात मान्य झाला होता. भूखंड किमान एवढा, घर किमान एवढे, असा नियम केला की काम भागते. त्यात वर्णाचा उल्लेखही नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना रास्त मजुरी मिळाली नाही आणि बँकेचे कर्जही मिळाले नाही, ते आपोआप बाहेर राहतात.

न्यू जर्सी राज्यातील माउंट लॉरेल या नगराचे उदाहरण घ्या. तेथील एका निवासी विभागात भूखंड किमान ९,३७५ चौरस फूट, त्याची रुंदी ७५ फूट आणि एकमजली घर किमान १,१०० चौरस फूट असावे, असा नियम होता. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्त्यांची जागा सोडून दिली तरी या मापाने एकरात चारच घरे बसतात. २,५०० फुटांच्या मापाने सतरा बसली असती. शिवाय ७५ फूट रुंदीच्या भूखंडापुढचा रस्ता, गटार आणि पदपथ यांचा सारा बोजा एकाच घरावर पडतो. पंचवीस फुटी भूखंड असते तर तोच खर्च तीन कुटुंबांत वाटला गेला असता. खर्च कमी करायचा झाला की पदपथावर पाणी सोडणे सोपे असते, कारण मोटारवाल्याला त्याची गरज वाटत नाही. त्या घरांत कामाला येणारी बाई मात्र रस्त्याच्या कडेनेच चालते.

रस्त्याचेही तसेच. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरने गोऱ्यांच्या नव्या वसाहतीसाठी सरकारी हमीचे कर्ज मिळावे म्हणून काळ्यांच्या वस्तीलगत सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत बांधली. मेंफिस शहराने गोऱ्यांच्या वस्तीतून जाणारा रस्ता एका टोकाला बंद केला आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. थर्गुड मार्शल यांनी त्याविरुद्ध आपले मत नोंदवले.

माउंट लॉरेलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कृष्णवर्णीय गप्प बसले नाहीत. एथेल लॉरेन्स या शिक्षिका पुढे झाल्या आणि १९७१ साली खटला उभा राहिला. गरिबांच्या घरांना वाव देणे हे वाढत्या नगराचे कर्तव्य आहे, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला आणि १९८३ मध्ये तो अधिक कडक केला. लॉरेन्सबाई १९९४ साली गेल्या. त्यांच्या नावाची वसाहत २००० साली उभी राहिली. त्यामुळे गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, ही ओरड खोटी ठरल्याचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या ग्रंथात दाखवून दिले.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. १९२४ चा वायकोम सत्याग्रह देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठीच होता. आपल्या गावाचा नकाशा तर वेशीबाहेरच्या वाड्यांनीच पुरा होतो. अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवले, त्याला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्यता दिली. म्हणजे इथे मापाचा आडपडदाही लागला नाही. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण पाटी बदलली म्हणजे वस्तीचा रस्ता रुंद होत नाही, की तिची जागा गावाच्या मध्यावर येत नाही.

शहराचा विकास आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी तो मागवून वाचला पाहिजे. सर्वांत लहान भूखंड केवढा आहे? तो मजुराच्या ऐपतीत बसतो काय? आपल्या वस्तीचा रस्ता पुढे जातो की भिंतीशी संपतो? शाळेपर्यंत पदपथ आहे काय? ही हरकत मुदतीत, लेखी द्यावी लागते. नकाशा मंजूर झाला की त्यातली रेघ पुसायला माउंट लॉरेलसारखी तीस-तीस वर्षे लागतात.