मिठवणी, धूर आणि आच

शिंदखेड्याकडच्या माणसाला धुराची चव समजावून सांगावी लागत नाही. थंडीच्या दिवसांत कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून केलेले भरीत ज्याने खाल्ले आहे, त्याला गॅसवरच्या भरितातला फरक पहिल्याच घासाला कळतो. तीच चव अख्ख्या पक्ष्याला देण्याची एक रीत अमेरिकेत आहे. तिकडे रानात टर्की नावाचा मोठा पक्षी असतो. तो आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि मग मंद धुरावर तासन् तास शिजवतात. ही रीत आपल्या घरी कशी करायची आणि तीत धोका कोठे आहे, हे आज पाहू.

टर्की आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याच्या बंदरातून हा पक्षी जहांगीर बादशहाकडे नेला. बादशहाला त्याचे इतके नवल वाटले, की दरबारचा चित्रकार मन्सूर याच्याकडून त्याने त्याचे चित्र काढून घेतले. पोर्तुगीज भाषेत टर्कीला ‘पेरू’ म्हणतात, ही एक गंमत. आज काही कुक्कुटपालक टर्की पाळतात आणि उत्तर प्रदेशातील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘कारी-विराट’ नावाचे वाणही तयार केले आहे. पण रानटी टर्कीचा आपल्याकडचा खरा भाऊबंद म्हणजे गावरान कोंबडा. दोघेही दिवसभर हिंडणारे, अंगात चरबी कमी आणि मांस चिवट. तेव्हा रानातल्या पक्ष्याकडे वळायचे कारण नाही. मोर, तितर, लावरी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिले आहे. आपण घरच्या कोंबड्याचेच बोलू.

आता तुम्ही म्हणाल, मिठाच्या पाण्यात ठेवले तर मांस सुकेल. कैरीला मीठ लावले की पाणी सुटते, हे आपण दरवर्षी पाहतोच. शंका रास्त आहे. पण इथे मिठाचे प्रमाण फार महत्त्वाचे. लोणच्यातले तीव्र मीठ पाणी बाहेर ओढते. पाण्यात शेकडा पाच-सहा इतकेच मीठ असले, तर ते हळूहळू मांसात शिरते, तिथली प्रथिने फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. पक्षी मिठवणीतून निघतो तो थोडा वजनदार होऊनच. शिजताना त्यातले काही पाणी जाते, तरी बिनमिठाच्या पक्ष्यापेक्षा तो रसाळ राहतो.

शिक्षकांना वर्गात हे सहज दाखवता येईल. ताजे अंडे साध्या पाण्यात बुडते. पाण्यात मीठ वाढवत गेलो की एका टप्प्यावर ते तरंगू लागते. हा टप्पा साधारण शेकडा दहा-अकरा मिठाचा. म्हणजे आपल्या मिठवणीत ताजे अंडे बुडालेच पाहिजे. तरंगले, तर मीठ दुप्पट पडले असे समजावे.

माप असे. पाच लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ आणि शंभर ग्रॅम गूळ. मीठ तोलूनच घ्या, कारण खडे मीठ आणि बारीक मीठ एका वाटीत सारख्या वजनाचे मावत नाही. थोडे पाणी उकळून त्यात मीठ-गूळ विरघळवा आणि बाकीचे पाणी बर्फाच्या रूपात घाला, म्हणजे मिठवणी लगेच गार होते. दोंडाईच्याची लाल मिरची, धणे, लसूण घालायचे तर घाला. पण मिठाखेरीज फारसे काही खोलवर जात नाही, मसाल्याची चव कातडीपुरतीच राहते. भांडे स्टीलचे घ्यावे. पितळेचे, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे नको, मीठ त्याला खाते.

दीड-दोन किलोच्या कोंबड्याला बारा तास पुरतात, पाच किलोच्या टर्कीला एक दिवस. हा सारा वेळ पक्षी पूर्ण बुडालेला आणि भांडे फ्रिजमध्ये हवे. पाच अंशांच्या वर जंतू वाढू लागतात आणि इतके सौम्य मीठ त्यांना रोखू शकत नाही. पौषातली रात्र कितीही कडक वाटली, तरी ओसरीवरचे पातेले म्हणजे फ्रिज नव्हे. वैशाखात बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वीज जात-येत असेल, तर हा बेतच पुढे ढकला.

मिठवणीतून काढल्यावर पक्षी फडक्याने टिपून जाळीवर, उघडाच, काही तास फ्रिजमध्ये ठेवावा. कातडी हाताला कोरडी लागली पाहिजे. ओल्या कातडीवर धूर नीट बसत नाही, काळपट कडू थर मात्र बसतो.

भट्टीला मोठा खर्च नाही. मातीत रचलेल्या विटांची चौकोनी चूल करा, दीड हात रुंद आणि दोन-अडीच हात उंच. खाली एका अंगाला निखारे आणि दुसऱ्या अंगाला, वरच्या सळयांवर, पक्षी. त्याच्याखाली पाण्याचे ताट ठेवा, म्हणजे चरबी जाळावर ठिबकणार नाही. वर लोखंडी झाकण. जस्त चढवलेला पत्रा घेऊ नका, तो तापला की जस्ताची विषारी वाफ निघते. औषधाचे किंवा तेलाचे रिकामे पिंपही नको.

सरपण वाळलेले हवे. बाभूळ, बोर, आंबा, पेरू यांतले काहीही चालेल. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड आणि रॉकेल यांना मनाई. आणि कपाशीच्या काड्या? इथे मात्र माझे मत सावध आहे. हल्ली कपाशीवर हंगामात कितीतरी फवारण्या होतात. भरिताच्या वांग्याची साल आपण काढून टाकतो आणि भाजणे थोड्या वेळात आटोपते. कोंबड्याची कातडी आपण खातो आणि तो तासन् तास धुरात असतो. फवारलेल्या काड्या इथे वापरू नयेत. धूर पातळ, निळसर असावा. दाट काळा किंवा पिवळट धूर म्हणजे जाळाला हवा कमी पडते आहे. त्याने चव कडवट होते आणि प्रकृतीलाही ते चांगले नाही.

आता मुख्य गोष्ट. नंदुरबार-दोंडाईच्याकडे मिरची उन्हात वाळते आणि वर्षभर टिकते. पापड, कुरडया, सुकट यांचेही तसेच. आतले पाणी गेले, म्हणून ते टिकतात. म्हणून धूर दिलेले मांसही टिकेल, असा पुष्कळांचा समज होतो. पण या पक्ष्यात आपण मुद्दाम पाणी राखले आहे! धूर त्याला चव देतो, रंग देतो, पण टिकाऊ करत नाही. निर्धोक करते ती फक्त आच. मांडीच्या आणि छातीच्या सर्वात जाड भागात, हाडाला न टेकवता, चौऱ्याहत्तर अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे. त्यासाठी स्वयंपाकाचा तापमापक विकत मिळतो. ताप पाहायचा घरातला तापमापक इथे उपयोगाचा नाही, त्याची मजल बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंतच. रंगावर विसंबू नका. धुरातल्या वायूमुळे कातडीलगतचे मांस पूर्ण शिजूनही गुलाबी दिसते, आणि कधी पांढरे दिसणारे मांस हाडाजवळ कच्चे असते.

भट्टीत एकशे दहा ते एकशे तीस अंश ठेवले, तर कोंबड्याला सुमारे तीन तास लागतात, पाच किलोच्या टर्कीला पाच-सहा. टर्की त्याहून मोठी असेल, तर कणा काढून ती पुस्तकासारखी उघडून ठेवा, नाहीतर आत आच पोचायला फार उशीर लागतो.

तापमापक नसेल, तर आपल्याकडची वाट अधिक बरी. कोंबड्याला तासभर धुरी द्या, लगेच तुकडे करा आणि काळ्या मसाल्याच्या रश्शात खळखळ उकळून मऊ शिजवा. जून गावरान कोंबड्याला नुसत्या धुराने मऊपणा येत नाही, त्यामुळे त्याला ही रीत जास्त मानवते. कळण्याच्या भाकरीबरोबर हा रस्सा फार छान लागतो. मीठ मात्र चाखूनच घाला, पक्षी आधीच खारा आहे. यात एक पथ्य कडक पाळा. सकाळी धुरी देऊन अर्धा कच्चा पक्षी झाकून ठेवायचा आणि रस्सा पाहुणे आल्यावर संध्याकाळी करायचा, असे कधीही करू नका. कोमट, ओल्या मांसात जंतू झपाट्याने वाढतात. त्यांतल्या काहींचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. त्याचा पहिला फटका लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना बसतो. धुरी आणि रस्सा यांत खंड नको.

आग न लावता नुसत्या गार धुरात दिवसचे दिवस ठेवण्याची रीतही काही देशांत आहे. ती घरी करू नये. कारखान्यांत त्यासाठी नायट्राइट मोजून घालतात. घरी अंदाजाने सोरा वगैरे घालणे जिवावर बेतू शकते.

शिजलेले मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात एकच तास. उरलेले फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते, खाताना पुन्हा वाफाळेपर्यंत गरम करावे. धुरी दिलेली हाडे टाकू नका, डाळीत उकळली तर डाळीला वेगळीच चव येते. वापरलेली मिठवणी दुसऱ्यांदा घेऊ नये, आणि ती परसातल्या वाफ्यातही ओतू नये, मिठाने माती बिघडते. ती मोरीत सोडा आणि भांडे, पाट, सुरी गरम पाण्याने व साबणाने धुऊन काढा.