स्केटबोर्डपटूची वृत्ती : उपजीविका आणि दृष्टी

मराठीत 'वृत्ती' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. जोशीपणाची किंवा उपाध्येपणाची वृत्ती असे म्हणताना आपल्या मनात उपजीविकेचा अर्थ असतो. उदार वृत्ती, संशयी वृत्ती असे म्हणताना मनाच्या ठेवणीचा. बहुतेक धंद्यांत यांपैकी पहिली वृत्ती आधी येते आणि तिच्या सहवासाने दुसरी घडते. माणूस सराफीत पडतो आणि हळूहळू सराफाच्या नजरेने जगाकडे पाहू लागतो. व्यावसायिक स्केटबोर्डपटूच्या बाबतीत हा क्रम उलट लागलेला दिसतो. तेथे दृष्टी आधी निर्माण झाली आणि उपजीविकेच्या वाटा मागाहून त्या दृष्टीतून फुटल्या. हा उलटा क्रम नीट समजून घेतल्यावाचून या खेळाला आपल्याकडे आश्रय द्यावयाचा तर तो कोणत्या स्वरूपात द्यावा, हे ठरविता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा प्रश्न आता केवळ परदेशाचा राहिलेला नाही. २०२२ साली गुजरातेत भरलेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड यांनी महिलांच्या स्केटबोर्डिंगमध्ये महाराष्ट्रासाठी सुवर्णपदक मिळविले. ज्या खेळाची साधने पुष्कळ गावांत पाहावयासही मिळत नाहीत, त्या खेळात मराठी मुलगी देशात पहिली येते. मग ठाणे-बेलापूर मार्गावरील रबाळ्यासारख्या औद्योगिक वस्तीतील एखाद्या मुलाने किंवा मुलीने उद्या ही चाकांची फळी हाती घेतली, तर त्यांच्यापुढे कोणता जीवनक्रम असेल, हा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम साधनाचा विचार करू. स्केटबोर्ड म्हणजे मेपल लाकडाचे सात पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली, साधारण ऐंशी सेंटिमीटर लांब व वीस सेंटिमीटर रुंद अशी फळी. तिची दोन्ही टोके वर वळविलेली असतात आणि खाली पॉलियुरेथेनची चार चाके असतात. पाय फळीला बांधलेले नसतात, ही यातील मर्माची गोष्ट होय. पाय मोकळे असताना फळीसह हवेत उठावयाचे कसे? स्वार मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटतो, त्यासरशी फळीचे पुढचे टोक उसळते. त्याच क्षणी तो पुढचा पाय फळीवरून घासत पुढे नेतो, फळी हवेत समपातळीत येते आणि जणू पायांना चिकटल्याप्रमाणे वर जाते. या मूलभूत कृतीला 'ऑली' म्हणतात. १९७०–८० या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातील अ‍ॅलन गेल्फंड याने ती उतरत्या भिंतींवर साधली, आणि पुढे थोड्याच वर्षांत रॉडनी मलन याने ती सपाट जमिनीवर आणली. आज रस्त्यावर खेळल्या जाणाऱ्या डावांपैकी बहुसंख्य डाव या एका कृतीच्या पायावर उभे आहेत.

या खेळाचा जन्म क्रीडांगणावर झाला नाही. १९५०–६० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाटास्वारांनी समुद्र शांत असेल त्या दिवशी फळीला रोलर स्केटची चाके ठोकून रस्त्यावर लाटेचा भास निर्माण केला. पुढे १९७६–७७ च्या अवर्षणात तेथील पोहण्याचे तलाव कोरडे पडले, तेव्हा मुलांनी त्यांच्या गोलाकार भिंतींवर खेळण्यास आरंभ केला. त्यानंतरच्या पिढीने पायऱ्या, कठडे, बाके आणि उतार हीच आपली साधने मानली. इयन बॉर्डन या वास्तुशास्त्राच्या इतिहासकाराने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे : जे बांधकाम एका हेतूने झाले, त्याला स्केटबोर्डपटू आपल्या शरीराने दुसरा अर्थ देतो. जिना चढण्याउतरण्यासाठी असतो हे इतरांना ठाऊक असते. स्केटबोर्डपटूला त्यात उंची, वेग आणि उतरण्याची जागा दिसते. त्याच्या दृष्टीचे हे पहिले लक्षण.

दुसरे लक्षण म्हणजे अपयशाशी असलेले त्याचे नाते. क्रिकेटमध्ये फलंदाज एकदा बाद झाला की त्याचा डाव संपतो. येथे मात्र एकच डाव साधण्यासाठी शेकडो वेळा पडणे हा नित्याचा अभ्यासक्रम आहे, आणि त्या पडण्याची कोणाला लाज वाटत नाही. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एक्स गेम्स स्पर्धेत टोनी हॉक हा हवेत अडीच वेढे घेण्याचा, त्यापूर्वी स्पर्धेत कोणी न साधलेला डाव पुनःपुन्हा करीत होता आणि पुनःपुन्हा कोसळत होता. स्पर्धेची नियत वेळ संपून गेली, तरी त्याला कोणी थांबविले नाही. प्रतिस्पर्धी स्वतः बाजूला उभे राहून त्याला उत्तेजन देत राहिले, आणि अखेर तो डाव साधला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मिसुगु ओकामोतो ही जपानी मुलगी अखेरच्या फेरीत अवघड डाव करू जाऊन पडली आणि तिचे पदक हुकले, तेव्हा इतर देशांच्या स्पर्धकांनी तिला खांद्यावर उचलून घेतले. जिंकण्याहरण्यापेक्षा धाडसाची आणि समव्यवसायींच्या पसंतीची किंमत येथे अधिक मानली जाते, हे तिसरे लक्षण या दोन प्रसंगांतून स्पष्ट होते. बेकी बील या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९५ साली कोलोरॅडोतील स्केटबोर्डपटूंचा अभ्यास करून, औपचारिक स्पर्धा आणि मोठ्यांचे नियंत्रण यांविषयी या मंडळींना वाटणारा दुरावा नमूद केला होता.

आता उपजीविकेकडे वळू. 'व्यावसायिक' ही पदवी या खेळात परंपरेने कोणत्याही महासंघाकडून मिळत नाही. फळ्या बनविणारी एखादी कंपनी खेळाडूच्या नावाची फळी बाजारात आणते, त्या दिवशी तो व्यावसायिक होतो, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक फळीमागे त्याला स्वामित्वधनाचा लहानसा अंश मिळतो. ही मान्यता स्पर्धेतील विजयाने मिळते तशीच, किंबहुना त्याहून अधिक, छायाचित्रांनी व चित्रफितींनी मिळते. १९८१ पासून निघणारे 'थ्रॅशर' हे नियतकालिक १९९० पासून दर वर्षी एका खेळाडूला वर्षातील श्रेष्ठ म्हणून निवडते. त्या निवडीला पुष्कळांच्या मते पदकाहून अधिक मोल आहे. म्हणजे खेळाडू एका परीने कलावंतासारखा जगतो. तो कृती निर्माण करतो, तिची नोंद प्रसृत होते, आणि त्या कृतीवर त्याचे नाव व त्याचा बाजारभाव ठरतो.

ही उपजीविका किती चंचल आहे हे हॉकच्याच चरित्रावरून दिसते. १९८२ साली वयाच्या चौदाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. शालेय शिक्षण पुरे होण्यापूर्वीच त्याने स्वतःचे घर घेतले. परंतु १९९० नंतर खेळाची लाट ओसरली आणि त्याचे उत्पन्न झपाट्याने घटले. १९९२ मध्ये त्याने भागीदारीत 'बर्डहाउस' ही स्वतःची कंपनी काढली आणि पुढील काही वर्षे ओढगस्तीत काढली. १९९९ चा तो डाव आणि त्याच वर्षी त्याच्या नावाने निघालेला व्हिडिओ गेम यांनी त्याला पुन्हा वैभव दिले. सर्वांत यशस्वी खेळाडूची ही कथा. इतरांच्या स्थैर्याची कल्पना यावरून करता येईल.

२०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने टोकियोसाठी या खेळाचा स्वीकार केला आणि चित्र पालटले. टोकियोत महिलांच्या स्ट्रीट प्रकारात मोमिजी निशिया ही जपानी मुलगी तेराव्या वर्षी सुवर्णपदकाची मानकरी ठरली. पार्क प्रकारात कोकोना हिराकी हिने बाराव्या वर्षी रौप्यपदक मिळविले. २०२४ मध्ये पॅरिस येथे पुरुषांच्या स्ट्रीट प्रकारात युतो होरिगोमे २८१.१४ गुणांनी पहिला आणि जॅगर ईटन २८१.०४ गुणांनी दुसरा आला. ज्या खेळात पूर्वी 'कोणी केले आणि कसे केले' एवढेच विचारले जाई, तेथे आता एक-दशांश गुणाने सुवर्ण आणि रौप्य यांचा निवाडा होतो. यामुळे राष्ट्रीय संघ, प्रशिक्षक आणि सरकारी निधी यांची दारे उघडली, हा लाभ लहान नव्हे. त्याबरोबर बारा-तेरा वर्षांच्या मुलांवर राष्ट्राच्या अपेक्षांचे ओझे आले, हेही विसरता येणार नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हे दुसरे दार आपल्या परिचयाचे आहे. आपल्याकडे खेळाडूची वृत्ती पूर्वी संस्थानिकांच्या आश्रयावर चाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. पुढे त्या आश्रयाची जागा नोकरीने घेतली. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार झाले. कबड्डीपटूंना पोलीस, रेल्वे आणि बँका यांनी पोसले. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण हे त्याच परंपरेचे आजचे रूप होय. या व्यवस्थेची कसोटी अधिकृत स्पर्धेतील यश ही आहे, आणि ती असणे स्वाभाविकही आहे. परंतु जो स्केटबोर्डपटू पदकाच्या वाटेने न जाता कृतीच्या वाटेने जातो, त्याला या कसोटीत स्थान नाही. आणि त्याला आधार देणारा फळ्यांचा बाजार आपल्याकडे अद्याप फार लहान आहे. परदेशात दोन पायांवर उभी असलेली ही उपजीविका आपल्याकडे एकाच पायावर उभी आहे, असा याचा अर्थ होतो.

म्हणून रबाळ्याच्या मुलाचा प्रश्न पदकापासून सुरू करून भागणार नाही. तो जागेपासून सुरू करावा लागेल. ठाण्याच्या खाडीपलीकडील या पट्ट्यात औद्योगिक विकास महामंडळाने कारखाने वसविले आणि सिडकोने नगर उभारले. सिमेंटचे रस्ते, फरसबंद आवारे आणि रुंद पायऱ्या येथे विपुल आहेत. परंतु रस्ता अवजड वाहनांचा, आवार कारखान्याचे आणि पायऱ्या रेल्वेस्थानकाच्या. त्यात कोकणपट्टीचा पावसाळा चार महिने उघड्यावरचा सराव बंद पाडतो, कारण भिजलेल्या फळीचे थर सुटतात आणि चाकांतील छर्रे गंजतात. याला उपाय नाही असे नव्हे. याच शहरात सानपाड्याला उड्डाणपुलाखालची पडीक जागा खेळासाठी उपयोगात आणली गेली आहे. पुलाखाली छप्पर आयते मिळते. तेथे काही उतार आणि कठडे बांधून दिले तर बारमाही सराव शक्य होईल.

अशा जागेने काय साधते, याचा दाखला मध्य प्रदेशातील जनवार या खेड्यात मिळतो. उलरिके राइनहार्ट या जर्मन महिलेने २०१५ मध्ये तेथे काँक्रीटचे स्केटबोर्ड-मैदान बांधले. 'शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही' आणि 'मुली आधी' हे तेथले दोन नियम. त्या मैदानावर वाढलेली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत उतरली. ती पदक घेऊन आली नाही. परंतु आदिवासी आणि यादव मुले जेथे एकत्र खेळत नसत, तेथे ती एका मैदानावर एकमेकांना हात देऊन उठवू लागली, हे फळ पदकाहून कमी मोलाचे म्हणता येणार नाही.

सारांश, स्केटबोर्डपटूच्या दोन वृत्तींपैकी उपजीविकेची वृत्ती शासन आणि बाजार देऊ शकतील. दृष्टीची वृत्ती कोणी देऊ शकत नाही, ती मोकळ्या जागेत, पडत-उठत, बरोबरीच्यांच्या संगतीत उगवते. आपण केवळ पदकांची मोजणी आरंभिली, तर ज्या झाडाचे हे फळ आहे त्याच्या मुळाशी पाणी घालावयाचे राहून जाईल. रबाळ्यात पुलाखालचा एक कोपरा आणि चार सिमेंटचे उतार, एवढ्यावर त्या पाण्याची सुरुवात होऊ शकते.